रुमाल टाकून धरलेली जागा

"काय रे धोंडीराम, सूनबाईंना दोरी बांधून आणतोस का?"

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज उलट्या बाजूने फेऱ्या मारणारे यादव समोरून आले आणि न थांबता बोलून गेले. ते आणि धोंडीराम आहेर नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात एकाच पाळीत होते. निवृत्तीनंतर दोघांनी एकमेकांना टोमणे मारायचं काम तेवढं चालू ठेवलं होतं. "रोज बघतो मी," यादव वळून, आता पाठमोरे चालत म्हणाले, "तू पुढे, त्या मागे. मधलं अंतर इंचभर हलत नाही." धोंडीरामांनी मान न वळवता नुसता हात वर केला. "बांधलीय ना. सरकारी दोरी आहे, तुला दिसायची नाही." यादव हसले, मागून आरोहीही हसली, आणि हसता हसताच तिचा पाय आखडला. पुढे ट्रॅकच्या मधोमध एक कुत्रं झोपलं होतं आणि नाना, म्हणजे तिचे सासरे धोंडीराम, त्याला वळसा घालायला किंचित थांबले होते. कुत्रं तिला नंतर दिसलं. पाय आधी थांबला होता. डॉक्टर आरोही आहेर आपल्या उजव्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तशी पाहत राहिली. पायाने तिला काही विचारलं नव्हतं.

तिने लगेच तपासून पाहिलं. अशा गोष्टी तपासल्याशिवाय ती सोडत नसे. नानांच्या डाव्या अंगाला दोन माणसं सहज जातील एवढी जागा होती. तिने पावलं लांब टाकली, अंतर निम्मं केलं, आणि नानांच्या स्वेटरची पाठीवरची उसवलेली वीण स्पष्ट दिसायला लागली तेव्हा पोटरीत एक ओढ जाणवली. दुखत नव्हतं, भीतीही नव्हती, पण हवाच तिथे जरा दाट झाली होती. पुढच्या दोन पावलांत अंतर पूर्ववत झालं. मागून एक कॉलेजची मुलगी कानांत इअरफोनची बोंडं घालून धावत आली, "साइड प्लीज, काकू," म्हणाली, तिला ओलांडून गेली, नानांनाही ओलांडून गेली, आणि नानांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे नानांची हरकत असायचं कारण नव्हतं. नाना हरकती घेणारे सासरे नव्हतेच. आयसीयूतून ती दमून आली की तेच आलं किसून चहा टाकत, आणि दीपकने, तिच्या नवऱ्याने, कप आयता हातात घेतला तर त्याला "तुला काय झालं? तू कुठं पेशंट वाचवलास?" म्हणून हटकत. या माणसाच्या मागे ती वर्षानुवर्षं दबकत चालत होती, आणि ते तिला आज एका रिकामटेकड्या म्हाताऱ्याने सांगावं लागलं होतं.

हे कुठून आलं, तेही तिला चालता चालता सापडलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सगळे वणीच्या गडावर गेले होते. ती इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, चढ हे तिचं अंगण. वडील घाटात गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर होते. कसाऱ्याला जोडायचं, इगतपुरीला सोडायचं, आणि सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन टेकडीवर जायचं तेव्हा घाटातलं तेच काम ते तिथेही करत. मागे राहून ओरडत, "पळ पुढे, मी आहे मागे." त्यामुळे मागे असणं म्हणजे रेटा देणं, एवढंच तिला ठाऊक होतं. गडाच्या पायऱ्यांवरही ती नव्या साडीचा घोळ मुठीत धरून निघाली, सगळ्यांच्या पुढे, आणि पाचदहा पायऱ्यांतच सासूबाईंचा हात तिच्या कोपरावर आला. हात गरम आणि हलका होता. "हळू, आरोही." त्या एवढंच म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, हसतच होत्या. पण तो हात कोपरावरून उठला तो तिच्या पायात कुठेतरी जाऊन बसला. उरलेला गड ती सगळ्यांच्या मागे चढली. त्यानंतर तिला कुणी कधी हळू म्हणालं नाही, म्हणायची गरज पडली नाही. सासूबाई जाऊनही आता काही वर्षं झाली होती.

आणि मग, ट्रॅकचं वळण घेताना, पुढे नानांची पाठ आणि मागे आपण, हे चित्र तिला बाहेरून दिसलं, नुकतंच कुठेतरी पाहिल्यासारखं. पांढरी टोपी, तिच्या मागे हिरवी साडी, मधलं अंतर तेवढंच. हॉस्पिटलचा व्हरांडा, तिच्या केबिनचं अर्धं उघडं दार, कानाला फोन. तिने ते पाहिलं होतं. पाहून तिला बरंसुद्धा वाटलं होतं, की सासरा सोबत आला आहे. आरोही ट्रॅकवर पहिल्यांदाच स्वतःच्या मनाने थांबली.

ती हिरवी साडी म्हणजे तिची पेशंट मीना, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आवणीच्या दिवसांत भाताच्या रोपांचा भारा घेऊन बांध चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हापासून तिच्या दुखण्याची गोष्ट सुरू होत होती. खरं तर त्याच्याही आधीपासून. बाकीच्या बाया पुढे जायच्या आणि ही मागे पडायची. आधी आळशी म्हणून, मग रक्त कमी आहे म्हणून, लाल गोळ्या खात तिने एक हिवाळा काढला. दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला गेली तिथे पडली, आणि तिथल्या डॉक्टरने कान लावून ऐकलं आणि नाशिकला पाठवलं. आरोहीने तिच्यात पहिल्यांदा पाहिला तो ओठांचा रंग. पिकलेल्या जांभळाचा नव्हे, जांभूळ खाऊन तासाभराने उरतो तो रंग. पाय सुजलेले, मानेची शीर उभी. निदान अवघड नव्हतं. मीनाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळत चालल्या होत्या आणि त्या अरुंद वाटांतून रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकली होती.

या आजाराविषयी आरोहीला एका गोष्टीचं नेहमी नवल वाटे. बाहेरून कुणी दाबत नाही. रक्तवाहिनीच्या आतलं नाजूक अस्तरच एक द्रव्य तयार करतं, एंडोथेलिन, आणि ते द्रव्य शेजारच्या स्नायूवर स्वतःसाठी ठरलेल्या जागेवर, रिसेप्टरवर, जाऊन बसलं की वाहिनी आवळते. निरोगी माणसातही हे चालूच असतं, थोडं आवळणं, थोडं सैल सोडणं. तोल असतो तोवर माणसाला कळतही नाही की आपल्या आत कुणी हुकूम देतंय. तोल गेला की वाहिनी स्वतःच स्वतःला सांगत राहते, अजून थोडं, अजून थोडं. पंचवीस वर्षांच्या बाईला हे कसं सांगायचं, याचा विचार आरोहीने तिच्यासमोर बसूनच केला. सोबत तेव्हा नवरा किशोर आला होता.

"पेठच्या स्टँडवर एसटी लागली की गर्दी होते ना?"

"लय," मीना म्हणाली.

"मग जागा कशी धरता?"

"खिडकीतून रुमाल टाकायचा."

"हां. तुझ्या छातीत रक्ताच्या ज्या वाटा आहेत, तिथे अशी बाकं आहेत. तुझ्याच अंगातलं एक पाणी येऊन त्या बाकावर बसतं, आणि ते बसलं की वाट आवळते. ही गोळी म्हणजे रुमाल. ते यायच्या आधी आपण रुमाल टाकायचा. ते येणार, बघणार, जागा धरलेली आहे. उभं राहील नाहीतर निघून जाईल. वाट मोकळी."

मीनाने विचार केला. "आन् त्यानं रुमाल उचलून फेकून दिला मंग?"

आरोहीला हा प्रश्न आवडला होता. एमडीच्या तोंडी परीक्षेत एखाद्याला सुचला नसता म्हणून नव्हे, तर मीनाने एसटीत खरोखरच कधीतरी कुणाचा तरी रुमाल उचलून फेकला असणार म्हणून. "फेकतो ना. गर्दी जास्त झाली की फेकतोच. म्हणून सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. रुमाल टाकत राहायचं." मग तिने न आवडणारा भागही सांगितला. गोळीने लिव्हरला त्रास होऊ शकतो, म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि या आजारात आणि या गोळीवर मूल राहता कामा नये, अजिबात नाही. बाळाच्या अंगात व्यंग येतं, आईचा जीव जातो. गर्भ राहू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांवरही भरवसा नाही, हे औषध त्यांचा जोर कमी करतं. मीना खिडकीबाहेर बघायला लागली. किशोर मात्र म्हणाला, "एक पोरगी हाय. बास. तिची कापाकापी नको, माझंच करून टाका." आणि पुढच्या महिन्यात त्याने ते करून घेतलंही. उपचार सुरू करताना आरोहीच्या मनात मीनाविषयी जी खात्री होती, तिच्यातला मोठा वाटा या माणसाचा होता.

औषध एका संस्थेच्या मदतीतून येत होतं. संस्थेची अट सरळ होती: ठरलेल्या मुदतीत फायदा दिसला नाही, तर तीच मदत रांगेतल्या पुढच्या पेशंटला. आरोहीला ती अट अन्यायाची वाटत नसे. रांगेतला पुढचा पेशंटही तितकाच खरा होता, मालेगावकडचा, दोन मुलांचा बाप. आणि फायदा दिसतो की नाही हे ठरवायची तिची आवडती रीत होती चालणं. व्हरांड्यात दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवायचे, पेशंटला सांगायचं, झेपेल तेवढं भरभर चाला, पळायचं नाही, आणि सहा मिनिटांत तो किती अंतर कापतो ते मोजायचं. सोबत कुणी चालायचं नाही. चाचणी घेणाऱ्याने ठरलेल्या वाक्यांपलीकडे बोलायचं नाही, कारण नुसत्या "शाब्बास"ने सुद्धा पावलं वाढतात. तिचा टेक्निशियन रोहित ही वाक्यं आरतीसारखी पाठ म्हणत असे, चढउतार न करता. "छान चालताय. असंच चालू ठेवा." शिकाऊ डॉक्टरांना आरोही सांगायची: माणूस डॉक्टरला खूश करायला बोलतो, पाय कुणाला खूश करत नाहीत. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता.

मीनाचे पाय पहिल्यापेक्षा कमी चालले. औषधाआधी किशोर बाहेर टपरीवर होता तेव्हा जेवढी चालली होती, त्याहूनही कमी, तेही कित्येक महिने गोळ्या खाऊन. सूज उतरली होती, हृदयाचा इको किंचित बरा होता, "माला बरं वाटतं" असं ती म्हणत होती, पण बरं वाटतं असं सगळेच म्हणतात. लिव्हरचा आकडाही थोडा चढला होता, औषध बंद करावं इतका नाही, पण नजरेआड करावा इतकाही नाही. आरोहीने सगळं एका बाजूला ठेवलं आणि चालणं दुसऱ्या बाजूला, आणि चालण्याचं ऐकलं. औषध लागू पडत नाही. आज मीनाला बोलावलं होतं ते हेच सांगायला. पुढचे उपाय मुंबईत होते, आणि मुंबईचं नाव काढलं की मीनाच्या घरचे गप्प व्हायचे. त्या गप्प होण्याचा अर्थ आरोहीला कळत होता. ते तिला पाड्यावर घेऊन जातील, पुढच्या आवणीला ती बांधावर बसून राहील, आणि त्याच्या पुढच्या आवणीला बांधावर कुणी नसेल. हे सगळं मनात धरूनच आरोहीने निर्णय घेतला होता, रडारड न करता, आणि काल रात्री तिला झोपही नीट लागली होती.

आता ट्रॅकच्या वळणावर उभी राहून ती मनातल्या मनात तोच व्हरांडा परत पाहत होती. दुसऱ्या वेळी मीनासोबत सासरा आला होता, चंदर, किडकिडीत, टोपीवाला. त्याला बाकावर बसवलं होतं. मग तो उठला होता. मागे हात बांधून व्हरांड्यात येरझारा घालत होता, त्याच दोन शंकूंच्या मधे, आणि मीना त्याच्या मागे होती. रोहितने त्याला का हटकलं नसेल? कारण नियम सोबत चालायला मनाई करतो, आणि म्हातारा सोबत चालत नव्हता, पुढे चालत होता. कारण चाचणी सुरू झाल्यावर रोहितच्या तोंडी ठरलेली वाक्यंच होती, आणि त्यांत "मामा, बाजूला व्हा" हे वाक्य नव्हतं. आणि स्वतः आरोहीने? तिला त्यात काही खटकलंच नव्हतं. सासरा पुढे, सून मागे. पाठ आणि मागचं अंतर. रोज सकाळी तेच पाहणाऱ्या डोळ्यांना तिथे खटकण्यासारखं काय दिसणार होतं?

"काय गं, पाय मुरगळला का?" नाना पुढे थांबून विचारत होते.

"नाही नाना. चला." ती म्हणाली, आणि पुन्हा त्यांच्या मागे चालू लागली. मीनाच्या चाचणीतली चूक आधी दुरुस्त करायची होती, बाकीचं नंतर.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तिने रोहितला एकच प्रश्न विचारला आणि त्याने पापणी न लववता उत्तर दिलं. "हो मॅडम, ते पुढे चालत होते. पण त्यांनी तिला हात नाही लावला, एक शब्द नाही बोलले." त्याच्या आवाजात सारवासारव नव्हती, नुसती माहिती होती. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "अरे बाप रे," तो म्हणाला. आरोही म्हणाली, "तुझ्या एकट्याचं बाप रे नाही ते. शंकू लाव."

मीना अकराच्या सुमारास आली. हिरवीच साडी, हातात औषधांची पिशवी, आणि पुढे चंदर. केबिनच्या दारातसुद्धा तो आधी आत आला, मग ती. आज आरोहीला ते दिसलं. चंदर खुर्चीच्या कडेवर टेकला. "बंद करायची ना गोळी, बाई? माला पोरानं सांगितलं, तसंच बोलवलं असल म्हनून."

"अजून काही ठरलं नाही. मामा, त्या दिवशी तुम्ही व्हरांड्यात चालत होतात, ते का?"

चंदरला हा प्रश्न पोलिसांचा वाटला असावा. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "बसवत नव्हतं. पोरीची परीक्षा, आन् मी बाकावर बसून बघू? कुनाला इचारायचं पन नाय काय. मंग चालत व्हतो आपला."

"आणि मीना, तू त्यांच्या मागे का चालत होतीस? तुला सांगितलं होतं ना, झेपेल तेवढं भरभर?"

"मामा पुढं व्हतं ना," मीना म्हणाली. भिंतीतून का गेली नाहीस असं विचारल्यावर द्यावं तसं उत्तर होतं ते.

"बाजूने जागा होती की."

मीनाने चंदरकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग हसू दाबलं. "असं कसं, मॅडम? मानूस पुढं असल्यावर?" आणि मग, एसटीतला रुमाल फेकला तर काय, हे विचारणारी तीच मीना मान वर करून म्हणाली, "तुमी जाता का? तुमच्या सासऱ्याच्या पुढं?"

रोहित खिडकीकडे बघायला लागला. "नाही जात," आरोही म्हणाली. "उद्यापासून जाणार आहे. पण आधी तू."

चंदरला कँटीनमध्ये पाठवणं हे त्या दिवसाचं सगळ्यात कठीण काम ठरलं. तो चहा पीत नव्हता. वडा त्याला चालत नव्हता. भूक नव्हती. शेवटी दाराशी थांबून त्याने खरं काय ते विचारलं, "मी नसलो आन् पडली त?" आरोही म्हणाली, "मी आहे मागे." बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की हा आवाज इगतपुरीचा होता. चंदरने टोपी घातली आणि जिना उतरून गेला.

व्हरांडा मोकळा होता. टोकाच्या खिडकीतून फरशीवर उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि त्याच्या पलीकडे नारिंगी शंकू. रोहितने सूचना म्हटल्या, घड्याळ दाबलं, मीना निघाली. आरोही केबिनच्या दारात उभी राहिली, फोन आत ठेवून. पहिली फेरी तिने नीट पाहिली. मीना तितकीच हळू चालत होती. पुढे कुणी नव्हतं. संपूर्ण व्हरांड्यात पुढे कुणीही नव्हतं, आणि तरी ती कुणाच्यातरी पाठीमागे अंतर राखून चालत होती. रबरी चपलांचा आवाज ठरल्या लयीत येत होता. शंकूपाशी वळताना तिने पदर सावरला, जणू समोरून सासरा परत येत होता. आरोहीला वाटलं, ओरडावं: पुढे कुणी नाही, पळ. ते वाक्य जिभेवर आलं होतं, वडिलांच्या आवाजासकट. पण ते वाक्य चाचणीत नव्हतं. आज नियम मोडून पावलं वाढवली असती तर आजचा आकडाही त्या दिवसाच्या आकड्याइतकाच खोटा झाला असता, फक्त उलट्या दिशेने. तिने चौकट घट्ट धरली. "छान चालताय," रोहित म्हणाला, चढउतार न करता. "असंच चालू ठेवा."

दारात उभ्या उभ्या तिला त्या रिसेप्टरची आठवण झाली, दोन जातींच्या जागांची. पहिली जात फक्त आवळायला सांगते, तिच्याबद्दल वाद नाही. दुसरी गमतीची. ती स्नायूवर असली तर आवळ म्हणते, अस्तरावर असली तर सैल सोड म्हणते, आणि जादा झालेलं एंडोथेलिन रक्तातून उचलूनही नेते. जागा तीच, येऊन बसणाराही तोच, पण कुठे बसला यावर सगळं अवलंबून. मीनाची गोळी दोन्ही जातींवर रुमाल टाकत होती, चांगल्या जागांवरही, कारण तिला निवड करता येत नव्हती. सासूबाईंचा तो हात कुठल्या जातीच्या जागेवर बसला होता, कोण जाणे. आवळायला आला होता, की सैल सोडायला?

चपलांचा आवाज बदलला तेव्हा ती विचारातच होती. आधी कानांना कळलं. मीनाने उन्हाचा पट्टा ओलांडला आणि पुढच्या पावलाला, कुठल्याही कारणाशिवाय, पाऊल लांब पडलं. त्याच्या पुढचं आणखी लांब. निऱ्या तिने डाव्या मुठीत धरल्या, जसं पाण्यातून जाताना धरतात. शंकूपाशी आली तेव्हा वळायचं भान राहिलं नाही, हात भिंतीला लागला, आणि तिथूनच तिने स्वतःला परत ढकललं. आता तिच्या पुढे खरोखर कुणी नव्हतं. आरोहीने तिचे ओठ पाहिले, नाकपुड्या पाहिल्या, मानेची शीर पाहिली. श्वास भरभर होता, पण तुटत नव्हता. मधे एकदा मीना खांबाला धरून उभी राहिली. रोहितने ठरलेलं वाक्य म्हटलं, हवं तर थांबा, आणि जमेल तसं निघा. ती त्याचं बोलणं ऐकून घेण्याइतकीच थांबली आणि निघाली. घड्याळ वाजलं तेव्हा ती व्हरांड्याच्या पार टोकाला होती. भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून, हसत ओरडली, "मॅडम, झालं? अजून नाय का?"

रोहितने फीत लावून दोनदा मोजलं. पहिली हळू फेरी धरूनही मीना औषधाआधीच्या अंतराच्या बरीच पुढे गेली होती. आरोहीने औषध चालू ठेवायचा निर्णय घेतला, लिव्हरचा आकडा बघत, रक्ताची तपासणी महिन्याऐवजी पंधरवड्याने करत. मालेगावच्या माणसासाठी दुसरी मदत शोधावी लागणार होती, आणि ती आजच शोधायला घ्यावी लागणार होती. संस्थेला फोन करून तिने घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःचं चुकलेलं न वगळता. चंदर कँटीनमधून वर आला. मीना बाकावर बसून घाम पुसत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, आरोहीकडे पाहिलं. "पास?" त्याने विचारलं. "पास," आरोही म्हणाली. जिन्याकडे निघताना तो सवयीने पुढे झाला, दोन पायऱ्या उतरला, थांबला, भिंतीला चिकटून उभा राहिला. मीनाला कळेना. "जा ना पुढं," तो खेकसला. "डॉक्टर बघतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवर कुत्रं त्याच जागी झोपलं होतं. नानांनी त्याला वळसा घातला, आरोहीचा पाय आखडला, आणि या वेळी तिने त्याला आखडू दिलं, मग पुढे टाकला. स्वेटरची उसवलेली वीण जवळ आली. हवा दाट झाली. तिने नानांच्या डाव्या खांद्यावरून पुढे पाहिलं, ट्रॅकच्या लाल मातीकडे, आणि मीनासारखं कारणाशिवाय एक पाऊल लांब टाकलं. "नाना, मी पुढे जाते." खांद्याला खांदा आला, मागे गेला. पुढे इतका मोकळा ट्रॅक तिने कधी पाहिला नव्हता. मागे नानांची पावलं थांबली. मग भरभर वाजू लागली.

"काय गं, हॉस्पिटलमधून फोन आला का?"

"नाही. अशीच."

"हळू. दम लागेल तुला."

"मला?"

"मग काय मला? तुझी सासू सांगून गेलीय ना. गडावर पाहिलं तिने, सुरुवातीला धावलीस आणि मग सगळ्यांच्या मागे. मला म्हणाली, पोरीला दमा आहे, स्वतः डॉक्टर म्हणून कुणाला बोलत नाही. तुम्ही आपलं पुढे राहून सावकाश चालत जा, म्हणजे तिला लाज वाटायची नाही." नाना आता तिच्या बरोबरीला येऊ पाहत होते. "नाहीतर मला काय हौस आहे असलं गोगलगायीसारखं चालायची? तो यादव रोज तोंडावर हसतो."

आरोही थांबली नाही. थांबावंसं वाटत होतं, वळून त्यांचा चेहरा पाहावासा वाटत होता, पण पायांना लय सापडली होती आणि ती मोडायची नव्हती. कोपरावर तोच हात जाणवला, गरम, हलका. गडावर ज्या हातामुळे ती मागे राहिली, तो हात ज्यांचा, त्या सासूबाईंनीच तिचं मागे राहणं पाहून तिला आजारी ठरवलं होतं, आणि पुढे इतकी वर्षं सांभाळून घ्यायची व्यवस्थाही करून ठेवली होती. "मला दमा नाही, नाना," ती म्हणाली. "कधीच नव्हता."

"नाही?"

"नाही."

"मग चल की!" नाना म्हणाले, आणि छापखान्याच्या पाळीला उशीर झाल्यासारखे सुटले. समोरून यादव येत होते. त्यांनी आधी आरोहीला पाहिलं, मग तिच्या मागून येणाऱ्या धोंडीरामांना, आणि आयुष्यात प्रथमच बोलायच्या आधी थांबले. "दोरी… उलटी बांधलीस का रे?"

नानांकडे उत्तराला श्वास नव्हता. आरोहीने सवयीने तो श्वास ऐकला, मागून येणारा, जोराचा, लयीत. कुठे शीळ नाही, कुठे अडखळ नाही. त्या वयाच्या माणसाचा चांगला, मोकळा श्वास. तेवढी खात्री करून घेतली, आणि पाऊल आणखी लांब टाकलं.